घशातला बर्फ

वळणावर गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली आणि गप्प झाली.

नुनुफारनं किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. बाबांच्या वेळची म्हातारी झिगुली नुसती कण्हली. सेवान सरोवरावरून उठलेलं धुकं रस्त्यावर येऊन ओलंगच्च बसलं होतं. थंडी तशी फार नव्हती... पाणी गोठेल न गोठेल, इतकीच.

धुक्यातून एक माणूस आला. हातात पत्रा कापायची भलीमोठी कातर, भुवयांवर दवाचे थेंब. वळणावर शेगड्या आणि धुराडी बनवायचं दुकान होतं, तिथलाच असावा.

“मारायला आलात की मदतीला?” काच खाली करत तिनं विचारलं.

त्यानं ओशाळून कातर पाठीमागे लपवली. “आधी मदत. पुढचं पुढे बघू.”

बॉनेट उघडलं. आतून पान्याची खुडबुड आली, मग बराच वेळ काहीच नाही... मग बॉनेट मिटलं.

“काय झालंय?”

“अं... दमलीय बिचारी. दहा मिनिटं बसू द्या तिला. तोवर चहा घ्या.”

रानओव्याचा कडक, वाफाळता चहा. पेला दोन्ही तळव्यांत धरला तशी तिची बोटं हळूहळू तिची झाली. आणि दहा मिनिटांनी गाडी एका हाकेत सुरू!

“मेर्सी!” तिनं आभार मानले.

“नाव तरी सांगा.”

“नुनुफार. पलीकडच्या तीन गावांची नर्स. सगळे मला बहीणबाई म्हणतात.”

“मी अर्शाविर.” त्यानं रिकामा पेला परत घेतला. “मी दुसरं काहीही म्हणेन. बहीणबाई तेवढं म्हणणार नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर तेच. तिसऱ्या दिवशीही. कडक, कोरडी थंडी पडली की गाडी वाऱ्यासारखी धावायची, अन् धुकं उतरलं की इथे येऊन रुसायची. शहरातल्या मेकॅनिकनं दोनदा तपासली. त्याच्यासमोर ती गुणी मुलीसारखी गुरगुरत उभी! “काही नाही हो हिला,” म्हणाला तो.

“कळलं का, नुनुफार जान?” अर्शाविर चहा ओतत म्हणाला. एव्हाना तुम्हीचं तू झालं होतं. “तुझी गाडी माझ्या प्रेमात पडलीय.”

“पडू दे. चाळिशी उलटलीय तिची. तुला शोभेल.”

“आणि मालकिणीचं काय?”

“मालकीण आपली चहापुरती येते...” ती म्हणाली खरी, पण पेल्याच्या वाफेआड गाल काही लपले नाहीत.

तीन आठवडे असेच गेले. मग एका सकाळी तिनं पेला हातातसुद्धा घेतला नाही.

“आता नाही परवडत,” ती म्हणाली. “काल मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं. अजून एकदा उशीर झाला तर माझी फेरी बंद. मला दवाखान्यात कागद लिहायला बसवणार, आणि गावच्या म्हाताऱ्यांनी सुईसाठी शहरात यायचं. सातो आजी कशी येणार? तिला चार पावलं चालवत नाही. आत्तासुद्धा उपाशी बसली असेल ती... साखरेच्या आजाराची सुई टोचल्याशिवाय घास घ्यायचा नाही तिला. मी येईपर्यंत खिडकीत बसते, भाकरी फडक्यात गुंडाळून.”

अर्शाविरनं पेला खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला. त्यानं पाना घेतला, बॉनेट उघडलं आणि एअर फिल्टरवरचं गोल झाकण काढलं.

“ये. बघ.”

कार्ब्युरेटरच्या घशात पांढराशुभ्र बर्फ साचला होता. छोटासा, नाजूक... साखरेच्या पाकाची कड असावी तसा.

“या डब्याला दोन तोंडं आहेत. एक बाहेरची हवा पितं, उन्हाळ्यासाठी. दुसरं सायलेन्सरच्या नळीवर तापलेली हवा घेतं. धुक्याची ओली हवा आत गेली की घशात बर्फ धरतो आणि गाडीचा श्वास कोंडतो. दहा मिनिटं उभी राहिली, की इंजिनाच्या उबेनं तो वितळतो. मग मेकॅनिकला काय दिसणार?” त्यानं झाकण परत बसवून फिरवलं. उन्हाळ्याचा लाल ठिपका बाजूला सरला, हिवाळ्याचा निळा खुणेवर आला. “झालं. हिवाळ्यात हे एवढंच करायचं असतं. दरवर्षी कोण करायचं?”

नुनुफार बघतच राहिली.

दरवर्षी बटाटे निघाले, की बाबा अंगणात बॉनेट उघडून मिनिटभर उभे राहायचे. ती हसायची, “बघा, बाबा लाडकीचं तोंड बघताहेत!” तेही हसायचे. कधी म्हणाले नाहीत, की पोरी, तुझा रस्ता मोकळा करतोय. ते गेले यंदाच्या ऐन उन्हाळ्यात. झाकण लाल ठिपक्यावरच राहिलं.

तिनं झाकणावर तळवा टेकला. ‘इतकी वर्षं, बाबा...’ डोळे भरून आले. आणि मग एकदम तिच्या काहीतरी लक्षात आलं.

“तुला हे कधी कळलं?”

तो पाना फडक्यानं पुसू लागला.

“अर्शाविर... कधी?”

“पहिल्या दिवशी. झाकण उघडलं तेव्हाच.” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “तू परत थांबावीस म्हणून... मला ठाऊक नव्हतं, कुणीतरी उपाशी...”

“तू विचारलंस कधी?”

ती गाडीत बसली. दार असं आपटलं, की दुकानातली धुराडी झणझणली.

त्यानंतर अकरा दिवस गाडी एकदाही खोकली नाही. धुकं आलं, गेलं. सातो आजी वेळेवर जेवू लागली, फेरी टिकली. वळणावर तो दारात उभा दिसायचा. हात करायचा नाही, नुसता उभा. ती समोर बघून निघून जायची. आणि पुढचे चार मैल रस्ता उगाचच धूसर दिसायचा.

“धूर कसा सरळ चाललाय बघ!” बाराव्या दिवशी सातो आजी सुईसाठी दंड पुढे करत म्हणाली. “नवं धुराडं बसवून गेला तुझा पत्रेवाला. घरभर काजळी व्हायची, ती गेली.”

“माझा कुठला... कधी आला होता?”

“झाला की आठवडा. आधी दारातच उभा. म्हणाला, आजी, माझ्यामुळे तुझं जेवण तीन आठवडे लांबलं, मला बोल लाव. लावले मग! पोटभर लावले. मग म्हटलं, आत ये, गाढवा, थंडी वाजते. पण पाण्याचा घोट घेईना. म्हणे, हक्क नाही.” आजीनं बाही खाली ओढली. “चुकला खरा. पण ज्याचा अपराध केला त्याच्याच दारी आला, पोरी. किती जण येतात?”

दुसऱ्या दिवशी नुनुफार पाव तास आधी निघाली. वळणावर गाडी थांबली. इंजिन मात्र चालूच होतं, छान, एका लयीत.

तो धावत बाहेर आला. “पुन्हा बंद पडली?”

“नाही.”

“मग?”

“मी थांबवली.” तिनं शेजारचं दार आतून उघडलं. “आभार मानायचे राहिले होते. आजीच्या धुराड्याचे. आणि बाबांनी माझ्यासाठी काय केलं, ते मला दाखवलंस... त्याचे.”

त्यानं काळे हात पँटला पुसले.

“आणि आजीनं तुला न्याहारीला बोलावलंय. आज.”

“आजीनं...” तो हळूच म्हणाला. “आणि तू?”

तिनं समोरच्या काचेवरचं दव बाहीनं पुसलं. पुसून झालं तरी पुसतच राहिली.

“माझं बोलावणं,” ती म्हणाली, “आजच्यापुरतं नाही.”