बाराशे किलो तांबं

काटेबाई वजनं घेऊन पोचल्या, तेव्हा वजन करायला काही उरलंच नव्हतं.

मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. कोयंडा उचकटलेला, कुलूप उंबऱ्याशी पडलेलं. आत चार भिंती, एक बल्ब आणि रिकामी फरशी. फरशीच्या मधोमध मिस्त्री डोक्याला हात लावून बसले होते.

"लुटलो हो बाई! आठच्या आठ पेट्या गेल्या. अठरा वर्षांची कमाई!"

काटेबाईंनी खांद्यावरची जड पिशवी खाली ठेवली. वजनमापे खात्यात तीस वर्षं निरीक्षक होत्या त्या. त्या बाजारात शिरल्या की भले भले दुकानदार चळचळा कापत. त्यांचं नाव काट्यावरून पडलं, असं लोक तोंडावर म्हणत. पाठीमागे वेगळं म्हणत. बाईंना दोन्ही चालायचं.

मिस्त्रींनी त्यांना आज मुद्दाम बोलावलं होतं. तीन वाजता भंगारवाला यायचा होता, आणि भंगारवाला काटा मारणार याची मिस्त्रींना खात्री होती. आता भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं होतं. तांबंच नाही, तर काटा मारायचा कशावर?

मिस्त्री मोटारींच्या वाइंडिंगचं काम करायचे. तांब्याशी जन्माची गाठ. हातात चार पैसे आले की तांब्याच्या पट्ट्या घ्यायच्या आणि पेटीत रचायच्या, हाच त्यांचा उद्योग. लोक हसायचे. बाईंनीही एकदा तोंडावर सुनावलं होतं, "मिस्त्री, तांबं पिल्लं घालत नाही. त्याला व्याज नाही, भाडं नाही. घेताना नव्याचा भाव आणि विकताना भंगाराचा. वर खोली अडते ती वेगळीच."

त्यावर मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं. तेच त्यांनी आत्ताही ऐकवलं, फक्त आवाज रडवेला होता.

"सोनं चोर खिशात घालून नेतो, बाई. तांबं त्याला उचलतच नाही! एका पेटीत दीडशे किलो. हलवायला दोन गडी लागायचे, तेही शिव्या देत. म्हणून तर मी निर्धास्त होतो. आणि बघा, भाव तिप्पट झाला. मला येड्यात काढणाऱ्यांची तोंडं आज बंद व्हायची होती!"

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"परवा. मग बहिणीकडे गेलो. आज दहाला परत येतो, तर हे असं."

"पेट्या उघडून पाहिल्या होत्या?"

"दर रविवारी झाकणं उघडतो. वरच्या पट्ट्यांवरून फडकं फिरवतो. डोळ्यांना बरं वाटतं."

"आणि खालच्या पट्ट्या?"

"त्या कशाला उपसू? बायपास झाल्यापासून जड उचलायची बंदी आहे मला. सहा वर्षं झाली." मिस्त्री एकदम उठून उभे राहिले. "पण हे बाहेरच्याचं काम नाही, बाई. मला ठाऊक आहे कोणाचं ते. टेम्पो कोणाकडे आहे? काल पहाटे पाचला टेम्पो भरून कोण गेलं? शेजारच्या बेकरीवाल्यानं डोळ्यांनी पाहिलंय. पाच वाजेपर्यंत माल परत आला नाही, तर चौकीत जाऊन जावयाचं नाव देणार. मग लेक रडो नाहीतर ओरडो!"

वरच्या मजल्यावर काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला. लेक आणि जावई वरच्या दोन खोल्यांत राहत. लेक सामान बांधत होती. बापानं नवऱ्याला चोर म्हटल्यावर ती या घरात पाणीही प्यायला तयार नव्हती. बाईंनी घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते.

त्या गुडघ्यांवर बसल्या आणि फरशीवरून तळहात फिरवला. फरशी जुनी, मऊ दगडाची. नुसती खुर्ची ओढली तरी ओरखडा उठेल अशी. एकही ताजा ओरखडा नव्हता. मग त्यांनी भिंत पाहिली. पेट्या जिथे होत्या तिथेही चुना थेट जमिनीपर्यंत लागलेला होता, पांढराशुभ्र.

दारात वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. मिस्त्रींची बायको. डोळे रडून सुजलेले.

"वहिनी, चुना कधी काढला?"

"दोन महिने झाले असतील. ओल यायला लागली होती, ताई."

"माणूस लावला होता?"

"माणसाला काय फुकट बोलवायचं? मीच काढला."

"आणि पेट्या?"

"सरकवल्या पुढे एकेक करून. नाहीतर कोण येणार होतं मदतीला? हे बसतात पंख्याखाली पेपर घेऊन, आणि जावई दिवसभर रस्त्यावर." वहिनींनी पदरानं डोळे पुसले. "ताई, तुमचं ऐकतील ते. पोलीसबिलीस कशाला? गेलं ते गेलं. जीव सलामत आहे ना? पोराचं नाव खराब करू नका म्हणावं."

"गेलं ते गेलं?" मिस्त्री गरजले. "हिच्या बापाचं गेलंय का? जावयाचा पुळका बघा किती!"

बाई पाणी प्यायल्या आणि बाहेर आल्या. या घरात जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघत होता. आता त्यांच्याही डोक्यात एक किडा वळवळायला लागला होता आणि त्यांना तो मुळीच आवडला नव्हता.

दारासमोर टेम्पो उभा होता. जावई गादीच्या वळकटीला दोरी बांधत होता. घुम्या स्वभावाचा, पण हाताला चलाख. अंडी पोचवायचं काम करायचा.

"काल पहाटे काय नेलं?"

"अंडी. रोज नेतो तीच."

"एकच खेप?"

"एकच. बेकरीवाल्याला विचारा, त्याच्याकडेही चार ट्रे उतरवले. मामंजींना सांगितलं हे, पण ऐकायचंच नाही म्हटल्यावर काय करणार?" त्यानं गाठ इतक्या जोरात ओढली की दोरी करकरली. "सात वर्षं या घरात राहिलो, बाई. कधी एक तार उचलली नाही. आता राहायचं नाही."

बाईंनी टेम्पोच्या दारावरचा रंगवलेला आकडा वाचला. वजनक्षमता साडेसातशे किलो. चाकं पाहिली, मागच्या स्प्रिंगच्या पाट्या पाहिल्या. मग बेकरीत डोकावून आल्या. बेकरीवाल्यानं चार ट्रेंचं खरं म्हणून सांगितलं, आणि विचारलं नव्हतं तेही सांगितलं. काल दुपारी त्याला भट्टीसाठी फळ्यांचं चांगलं कोरडं जळण मिळालं होतं. कोणी दिलं, तेही त्यानं सांगितलं.

येताना बाई मागच्या अंगणातून आल्या. गुलाबाच्या वाफ्याला विटांची किनार होती. जुन्या विटांवर शेवाळ, पण एका बाजूच्या चाळीसेक विटा कोरड्या ठणठणीत. त्यांतल्या काहींवर हिरवट रेघा. बाईंनी नखानं खरवडलं. शेवाळ निघतं, हे निघालं नाही.

साडेचारला त्यांनी सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं. लेक दारातच थांबली, हातात बांधलेली पिशवी तशीच. जावई तिच्यामागे. वहिनी भिंतीला टेकून बसल्या. मिस्त्रींनी चौकीत जायला चपला घातलेल्या.

"मिस्त्री, आधी चोर कोण नाही ते सांगते," बाई म्हणाल्या. "तुमचा जावई नाही."

"टेम्पो—"

"टेम्पो साडेसातशे किलोचा. तुमचा माल बाराशे. खेप एकच. आणि त्या तांब्यावर अंडी रचून नेली म्हणता? आमलेट झालं असतं रस्त्यात! बरं, दीडशे किलोची पेटी या खोलीतून कोणीही काढली असती, तर फरशी सोलून निघाली असती. इथे एक ओरखडा दाखवा मला."

मिस्त्रींनी खाली पाहिलं. "मग नेलं कसं?"

"काल नेलंच नाही. परवाही या पेट्यांत तांबं नव्हतंच, म्हणजे नावापुरतं होतं. वर एक थर पट्ट्यांचा आणि खाली विटा. तुम्ही दर रविवारी वरून फडकं फिरवत होतात. ओलीत तांब्याला हिरवा गंज चढतो, तो खालच्या विटांना लागला. त्या विटा आता गुलाबाच्या वाफ्याला आहेत. पेट्यांच्या फळ्या बेकरीच्या भट्टीत गेल्या, काल दुपारी."

बाईंनी चुना काढलेल्या भिंतीवर तळहात टेकवला.

"आता एक विचारते. ही भिंत कोणी रंगवली?"

"भिंत?" मिस्त्री गोंधळले. "मला काय ठाऊक! घरातली कामं होतच असतात."

"होत नाहीत, मिस्त्री. कोणीतरी करतं. जी पेटी हलवायला दोन गडी लागायचे, ती साठीच्या बाईनं एकटीनं पुढे सरकवली. आठही. मला स्वतःच सांगितलं त्यांनी, अगदी सहज. कारण दोन महिन्यांपूर्वी त्या पेट्यांत उचलण्यासारखं जड काही नव्हतं, आणि ते एकाच माणसाला माहीत होतं. वहिनी, बेकरीवाल्याला फळ्या तुम्हीच दिल्यात."

"आई?" लेकीच्या हातातली पिशवी खाली पडली.

वहिनींनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. आता त्या रडत नव्हत्या.

"हो. मीच. तुम्ही भंगारवाल्याला बोलावलंत तेव्हा कळलं, आता विटा दिसणार. वाटलं, चोर आला म्हणू, चार दिवस बोंबलतील आणि गप्प बसतील. तुम्ही पोराचं नाव घ्याल असं स्वप्नातही आलं नाही मला. पाच वाजता चौकीच्या पायरीवर तुम्हाला अडवून सांगणारच होते, ताईंची शपथ."

"माझी शपथ नको, वहिनी," काटेबाई म्हणाल्या. "सकाळीच सांगायला हवं होतंत. लेकीचं घर मोडायला निघालं होतं."

"धीर होत नव्हता हो!"

मिस्त्रींचा चेहरा तांबडालाल झाला. "अगं, माझ्या घामाचं तांबं! चोरून विकलंस? कधी? कसं?"

"भाजीच्या पिशवीतून. एकेक पट्टी. तुम्ही झोपलात की उशीखालची किल्ली काढायची. पंधरा वर्षं." वहिनींचा आवाज चढला. "तांब्याचा भाव रोज पेपरात वाचता. तेलाचा कधी वाचलात? साखरेचा? अठरा वर्षांपूर्वी घरखर्चाला जेवढे हातावर ठेवायचात, तेवढेच आजही ठेवता. मागितले की म्हणायचात, थांब, भाव चढू दे. मी थांबले असते हो. पोट थांबत नाही."

"पण आठ पेट्या!"

"दीड पेटीत हिचं नर्सिंगचं शिक्षण झालं. तुम्ही म्हणायचात ना, पोरगी हुशार, फुकटात शिकली? फुकटात कोणी शिकवत नाही."

"आणि बायपास? तो तर विम्यातून—"

"कुठला विमा? हप्ते भरलेत कधी? त्या पैशाच्याही पट्ट्याच आल्या. तुमच्या छातीवर तीन पेट्या लागल्या."

मिस्त्रींचा हात नकळत छातीकडे गेला. ते म्हणाले, "आणि बाकीच्या?"

"बाकीच्या खाल्ल्या. तुम्ही आणि मी. रोज दोन वेळा."

लेक आईजवळ जाऊन बसली आणि तिला बिलगून हमसाहमशी रडायला लागली. तीस वर्षं काटेबाईंनी खोटी मापं पकडली होती, दंड ठोकले होते. वहिनींना कोणता दंड ठोकायचा, ते त्यांना कळेना.

"वरचा थर आहे अजून," वहिनी म्हणाल्या. "पलंगाखाली, गोणपाटात. शंभरेक किलो असेल. त्याला मी हात लावला नाही. तुमच्या डोळ्यांना बरं वाटायचं ना."

मिस्त्रींनी चपला काढल्या. पाच वाजायला आले होते, पण आता कोणी घड्याळाकडे पाहत नव्हतं. ते जावयासमोर जाऊन उभे राहिले. जन्मात कोणापुढे न वाकलेला माणूस, हात जोडायचे कसे हेही त्यांना नीट जमेना.

"जावईबापू, चुकलो. चोर म्हटलं तुम्हाला. गादी उतरवा. जाऊ नका."

"माझं राहू द्या, मामंजी," जावई म्हणाला. "त्यांच्याशी बोला आधी."

मिस्त्री वळले. बायकोसमोर ते फरशीवरच बसले, मघाशी बसले होते तसे, फक्त या वेळी डोक्याला हात नव्हता. ते तिच्या चुन्यानं फाटलेल्या बोटांकडे बघत राहिले.

"अगं," ते शेवटी म्हणाले, "महिन्याला घराला किती लागतात गं?"

वहिनींना हा आकडा झोपेतही पाठ होता. पण सांगायला गेल्या तर आकडा काही केल्या बाहेर पडेना.