सातव्या हिरवळीचा आगेवाला

"मॅडम, चेंडू कुठं पडणार हे गवताला आधीच कळतं का हो?"

मैथिलीनं हात वर करून हे विचारलं आणि क्लबहाउसच्या व्हरांड्यात चहाचे कप ओठांपाशीच थांबले. मग खसखस पिकली. खांबाआड रुक्सार आणि प्राची एकमेकींच्या दंडात नखं रुतवून हसू दाबत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. परीक्षक बाईंना सगळ्यांसमोर हा प्रश्न विचारून दाखवलास, तर महिनाभर तुझी गोल्फची पिशवी आम्ही वाहू!

वर्षापूर्वीची मैथिली पिसाळ असती तर पैज लागायच्या आधीच हरली असती. हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा तिचा आवाज ओठांच्या आतच राहायचा. पण राज्याची ज्युनिअर स्पर्धा जिंकली आणि पोरीला जणू कंठ फुटला. आता ती बसच्या कंडक्टरपासून मुख्याध्यापकांपर्यंत कुणालाही काहीही विचारायची. शिवाय अकरा दिवसांवर आलेल्या व्यावसायिक स्पर्धेत स्थानिक खेळाडूसाठी एक जागा होती, आणि ती तिची होती. सोळाव्या वर्षी! मग घाबरायचं कुणाला?

परीक्षक बाई मात्र हसल्या नाहीत. डॉ. ग्लेनिस डाबरे वसईहून आल्या होत्या. भैरवमाळचं गोल्फ मैदान नव्यानं बांधल्यावर ते स्पर्धेच्या लायकीचं झालंय की नाही, हे तपासणं त्यांचं काम. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "कितव्या हिरवळीवरच्या गवताला?"

मैथिलीचा वर केलेला हात खाली आला. हिरवळीचं नाव तर तिनं घेतलंच नव्हतं.

"सातव्या," ती म्हणाली.

मैदानाचे मुख्य माळी उत्तम पिसाळ, म्हणजे तिचे पप्पा, पायरीवर उभे होते. त्यांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. लेकीकडे बघितलं नाही.

---

भैरवमाळचं नूतनीकरण झालं म्हणजे तिथं जाणतं गवत आलं. झेंडा आणि भोक असलेला, गालिच्यासारखा कापलेला जो तुकडा असतो त्याला हिरवळ म्हणतात. अशा अठराच्या अठरा हिरवळींवर, आणि पहिला फटका जिथून मारतात त्या चौथऱ्यांवरही, हेच गवत लावलं होतं. त्याच्या मुळांत एका बुरशीचं जाळं सोडलेलं असतं. कुठं दाब पडला, कुठं ओल कमी झाली, हे त्या धाग्यांना समजतं. चेंडूनं खळगा पाडला की आजूबाजूची पाती सरकून तो भरून काढतात. संध्याकाळपर्यंत हिरवळ पुन्हा आरशासारखी.

फक्त सुरुवातीचे चाळीस दिवस त्या जाळ्याला शिकू द्यायचं असतं. कंपनीनं तशी पाटीच लावली होती : 'शिकण्याचा काळ. पाऊल ठेवू नये.'

पाटी सगळ्यांनी पाळली. आबांनी नाही पाळली.

आबा म्हणजे मैथिलीचे आजोबा. जुन्या मैदानावर ते चाळीस वर्षं आगेवाला होते. खेळाडू फटका मारायच्या आधी आगेवाला पुढं पळत जातो, चेंडू पडेल तिथं उभा राहतो आणि तो हरवू देत नाही. आबांची ख्याती अशी की त्यांना पळावं लागायचंच नाही. ते आधीच जाऊन उभे असायचे, आणि चेंडू आज्ञाधारक पोरासारखा त्यांच्या पायाशी यायचा. "खांद्याकडं काय बघताय?" ते म्हणायचे. "माणूस खांद्यानं खोटं बोलतो. पावलं बघा. पावलांना खोटं येत नाही."

आणि त्यांची दुसरी खोड अशी की नवं काही लावलं की त्यावरून रोज अनवाणी चालायचं. भुईला माणसाचा पाय लागला नाही तर ती रुसते, असं त्यांचं ठाम मत. सातवी हिरवळ घराजवळची. चाळीसही दिवस, तांबडं फुटताना, डावा पाय जरा ओढत आबा तिच्यावरून चालले. पाटीला वळसा घालून. गेल्या श्रावणात ते गेले, शांतपणे, घरच्या खाटेवर.

दिवाळीनंतर पप्पा तापानं फणफणले होते, तेव्हा रविवारी सकाळी मैथिली मैत्रिणींना घेऊन सरावाला गेली. सातव्या हिरवळीवर दव होतं, आणि दवात पावलं उमटलेली होती. अनवाणी. डावं पाऊल किंचित फरपटलेलं. ती हिरवळीच्या मधूनच सुरू होत होती, जणू कुणी आभाळातून उतरलं असावं, आणि उजव्या कडेला जोडीनं थांबली होती. तिघी परत चौथऱ्यावर गेल्या. मग प्राचीनं फटका मारला. तिचा चेंडू कधी हिरवळीवर जात नाही, तो गेला. टप्पे खात त्या जोड-पावलांत जाऊन बसला.

---

प्रश्न विचारला त्याच दुपारी डाबरे मॅडमनी तिला हाक मारली. "प्रश्न विचारणारी मुलगी कुठंय? ये, झेंडा धरायला ये."

मॅडमची हत्यारं गंमतशीर होती. खाच असलेली एक पट्टी. तिच्यावरून चेंडू सोडायचा आणि तो किती पावलं घरंगळतो ते मोजायचं, म्हणजे हिरवळीचा वेग कळतो. वरून सोडायचं एक वजन, ते किती रुततं त्यावरून घट्टपणा. ओल मोजायची सुई. सातव्या हिरवळीवर त्यांनी चारी दिशांनी पाच-पाच चेंडू सोडले. एकही तसूभर वाकडा गेला नाही.

"शंभरपैकी शंभर," मॅडम पुटपुटल्या. "मला हेच आवडत नाही."

"म्हणजे?"

"बाकी सतरा हिरवळींवर जाळं दिवसभर काम करतं, रात्री गप्प. सातवीचं जाळं पहाटे चार ते पाच सगळ्यात जास्त जागं असतं. नोंदवहीत दिसतंय. पण त्या वेळी इथं तर कुणीच नसतं." त्यांनी चष्मा वर सरकवला. "की असतं?"

मैथिलीनं सगळं सांगून टाकलं. पोटात दुखत असताना ओकारी व्हावी तसं. मग हलकं वाटलं, आणि लगेच वाईटही.

संध्याकाळी रोजच्यासारखी ती सातव्याच्या चौथऱ्यावर एकटीच सराव करत राहिली. घरी आली तर आई भाकऱ्या थापत होती आणि पप्पा ताटासमोर नुसतेच बसले होते.

"बोललीस ना सगळं?" पप्पा म्हणाले. "राज्यात पहिली आलीस म्हणून काय गावभर दवंडी पिटायची?"

"पप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

उत्तर आईनं दिलं. "माहीत होतं म्हणजे? रोज पाचाला उठून दव झाडायला का पळतात? माणसं आहेत की हाताखाली चार."

गोल्फच्या मैदानावर पहाटे लांब लवचीक बांबू फिरवून दव झाडतात, नाहीतर गवताला रोग पडतो. सातवी हिरवळ पप्पा दुसऱ्या कुणाला झाडूच देत नसत, हे मैथिलीला आत्ता उमगलं.

"पुसता तुम्ही? आबांची पावलं?"

"पुसतो," पप्पा म्हणाले. "आधी बघतो. दहा मिनटं उभा राहून बघतो. मग झाडतो. नाही झाडली तर कुणीतरी मुळासकट पुसेल ना, मैथे."

---

दुसऱ्या दिवशी पहाटे मॅडम पप्पांच्याही आधी सातव्यावर हजर होत्या. मैथिलीला त्यांनी क्लबहाउसात बसवून ठेवलं. सूर्य वर आल्यावर तिला चौथऱ्यावर बोलावलं. हिरवळ तिथून दीडशे मीटर लांब, दव झाडलेली, कोरी करकरीत.

"मार," मॅडम म्हणाल्या.

मैथिली उभी राहिली. झेंडा उजवीकडं होता. ती नेहमी झेंड्याच्या किंचित डाव्या बाजूला मारते, आबांनीच शिकवलेलं. तिनं पावलं रोवली. आणि काठी मागं नेता नेता तिच्या डोक्यात वीज चमकली. थांबा आबा, आज बघतेच तुम्हाला! तिनं मनगट वळवलं आणि चेंडू पार डाव्या टोकाला मारला, वाळूच्या खड्ड्याच्या कडेवर. शुद्धीवर असलेला कुठलाही खेळाडू तिथं मारत नाही.

चेंडू कडेवर आपटला, उडाला, घुटमळला, थांबला.

दोघी चालत गेल्या. चेंडूपासून वीतभर अंतरावर गवतात खुणेची एक निळी टिकली खोचलेली होती. मॅडमनी फोन पुढं केला. पहाटे पाचचा फोटो. दवातली पावलं वाळूच्या कडेपर्यंत येऊन जोडीनं थांबलेली, त्यांच्या अंगठ्यांसमोर निळी टिकली.

"पण मी तर... मी शेवटच्या क्षणी ठरवलं!" मैथिली टिकलीपाशी वाकली. "खरंच. इथं मारायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं."

मॅडम हळूहळू बोलल्या, जणू स्वतःलाच समजावत होत्या. "चौथऱ्यावरही हेच गवत आहे. जाळं जमिनीखालून एकच. काल संध्याकाळी तू तासभर तिथं उभी होतीस. तुझा भार कुठल्या पायावर होता, टाच किती वेळा हलली, चिडली होतीस की घाबरली होतीस, सगळं त्याला कळलं. तुझ्या आजोबांनी त्याला चालायला शिकवलं, आणि चालता चालता बहुतेक आपली विद्याही दिली. तू आज हट्ट करणार, हे तुझ्या पावलांना कालच ठाऊक असेल. तुला आज कळलं."

"म्हणजे ते आबा आहेत?"

"मला माती कळते, बाळा. त्यापुढचं नाही."

वाऱ्यानं पाती एका बाजूला कलली. मैथिलीनं नकळत पाय मागं घेतला.

मॅडमनी टिकली उपटून खिशात टाकली. "एका फटक्यावरून अहवालात काही लिहिता येत नाही. योगायोग म्हणतील. माझ्या यंत्रांच्या मते ही हिरवळ उत्तम आहे. पण तू कित्येक महिने इथं खेळतेयस. तू लेखी सांगितलंस तर मी जाळं कोरं करायला लावेन. एक औषध असतं. दोन दिवसांत गवत राहील, आठवण राहणार नाही. नाही सांगितलंस तर सातवी पास. उद्या सकाळी दहाला सही करून मी जाणार."

---

तो दिवस शाळेत कसा गेला हे मैथिलीला सांगता आलं नसतं. मधल्या सुट्टीत रुक्सार म्हणाली, "अगं येडे, गप बस ना! तुला एकटीला कळणार, चेंडू कुठं पडणार ते. जिंकशील!"

"मी जिंकेन की ते जिंकतील?"

"काय फरक पडतो?"

मैथिलीनं डब्याचं झाकण लावलं. राज्याच्या स्पर्धेतल्या अंतिम दिवसाचा तो शेवटचा फटका तिला आठवत राहिला. मैदान परकं होतं, गवत साधं होतं. चेंडू हवेत असताना तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. छाती फुटेल असं धडधडत होतं. तेवढ्या तीन सेकंदांत ती आयुष्यात पहिल्यांदा कुणालाच घाबरली नव्हती.

आणि दुसरीकडं आबा. ओढत टाकलेलं डावं पाऊल. एका सहीनं ते पुन्हा मरणार, आणि या वेळी मारणारी आपण.

तिसऱ्या पहाटे तिला जाग आली तेव्हा पप्पा दाराशी आले होते. हातात बांबू होता. कोरडा. एक थेंबही त्यावर नव्हता.

"झाडलं नाहीत?" आईनं विचारलं.

"झाडवेना," पप्पा उंबऱ्यावरच बसले. "पावलं होती. पण आज ती थांबलीच नाहीत, शालन. रोज कुठंतरी थांबतात. आज सरळ चालत कडेपर्यंत गेली. जाणतं गवत संपतं तिथपर्यंत. बोटं बाहेरच्या बाजूला. पुढं साधी लॉन. तिच्यावर काहीच नाही."

आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. चुलीवरचं आधण अजून रटरटत होतं.

काल संध्याकाळी ती सातव्याच्या चौथऱ्यावर गेली होती, काठी न घेता. नुसती उभी राहिली होती अनवाणी, कितीतरी वेळ. काय करायचं ते तेव्हा तिचं ठरलं नव्हतं. ठरलं होतं आत्ता, उजाडताना, अंथरुणात. मग आबांच्या पावलांना ते आधीच कसं कळलं? आणि कळलं असेल तर ठरवलं कुणी, तिनं की तिच्या टाचांनी? तिला वाटलं, आत्ता उलटं बोलावं. काहीच सांगत नाही म्हणावं आणि आबांना चकवावं. पण चकवायला गेलेला चेंडू कुठं पडतो, हे तिनं काल बघितलं होतं.

ती उठून पप्पांसमोर बसली. आईलाही तिनं हाताला धरून शेजारी बसवलं.

"पप्पा, आई, ऐका. मी दहाच्या आत मॅडमना लिहून देणार आहे. सातवी कोरी करा म्हणून. आबांना ते आधी कळलं असेल तर कळू दे, पण सही माझी असणार. त्याआधी आपण तिघं तिथं अनवाणी जायचं, आणि पावलं आज पुसायची नाहीत, आपोआप सुकू द्यायची. मग अकरा दिवसांनी, नाही, आता नऊच राहिले, मी कोऱ्या गवतावर खेळणार. चेंडू कुठं पडेल ते कुणालाच माहीत नसेल. मलाही नसेल. मला तसंच खेळायचंय."