पाचव्या वाटेचा सा

मिरजेत आता बहिरे कोणी राहिले नव्हते. ज्याला ऐकू येत नसे त्याच्या कवटीत नादकर्ण बसवत: बोराएवढा संगणक, आवाजाची विजेची स्पंदने करून थेट मज्जातंतूला देणारा. त्याच्या आत लिनक्स ही संगणकप्रणाली चाले. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, जुना झाला की बदलावाच लागे; नाहीतर बाहेरचा कोणीही त्या कानात घुसू शकत असे.

बत्तीस हजार जुन्या नादकर्णांचे हे काम मृदुला आवटीकडे आले होते. त्यांतली विजेचा दाब सांभाळणारी चिप बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. त्या चिपशी कर्नेलला बोलते करणारा छोटा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, तिने सात महिने खपून नव्या कर्नेलवर आणला. चाचणीचा पहिला कान दस्तगीरचाचांचा.

चाचा तंबोरे बनवत. नादकर्ण बसल्यापासूनच्या वीस वर्षांत त्यांनी सूर जुळवायला स्वरपेटीला हात लावला नव्हता, आणि त्यांचा सा केसभरही हलला नव्हता. चौथ्या दिवशी ते आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, की ऐकू झकास येते, पण सा गेला. तीन तंबोरे अर्धवट पडलेत. सा परत आला नाही, तर दुकानाला कुलूप.

मृदुलाला कारण सापडायला दोन दिवस लागले. चिपमधून विजेच्या सहा वाटा निघत. पाचवी ज्या भागासाठी होती, तो कधी बसवलाच नव्हता. जुना कर्नेल सगळ्या वाटा चालू ठेवी. नवा काटकसरी, सुरू होताना प्रत्येक वाटेला विचारी, तुला वापरते कोण? उत्तर नाही आले की बंद. त्या पाचव्या वाटेची वीज झिरपून मज्जातंतूत बारीक गुणगुण उमटत होती, वीस वर्षे, एकाच पट्टीत.

म्हाताऱ्याची सगळी कीर्ती म्हणजे यंत्रातला दोष, हे त्याला सांगायचे कसे? तिने चहा मागवला आणि सांगून टाकले.

चाचांनी चहा संपवला. "गळती तुमच्या चिपची, कबूल. पण तिला सा कोणी म्हटलं? करा चालू."

"वापरणाऱ्याचं नाव लिहावं लागतं, चाचा. त्याशिवाय कर्नेल ऐकत नाही."

"मग माझं लिहा की. मी नाही तर कोण वापरतंय?"

तिने लिहिले. कर्नेलमधला प्रत्येक बदल तपासणाऱ्या परदेशातल्या तपासनिसाने विचारले, दस्तगीर हे कसले उपकरण? तिने कळवले, सूर जुळवणारे. बदल मंजूर झाला आणि बत्तीस हजार कानांत गेला. चाचांनी आपल्या नावाची ती ओळ छापून दुकानात चौकटीत लावली. येणाऱ्या प्रत्येक गवयाला ते ती दाखवत, आणि मृदुलालाही तिथून जाताना मान ताठ झाल्यासारखी वाटे.

वर्षभराने तपासणीच्या बाकावर बिदरची एक तरुणी बसली होती. जन्मतः बहिरी, तान्हेपणीच नादकर्ण बसवलेला. ती स्वतःशीच गुणगुणत होती. कान तपासायला आलेले चाचा थबकले. नेमका त्यांचाच सा, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. कोणाकडे शिकलीस, त्यांनी विचारले.

"कोणाकडे नाही. सगळं शांत झालं की हा उरतोच ना? सगळ्यांनाच ऐकू येतो."

चाचांची छाती फुगली. ते मृदुलाकडे वळले.

"सांगा हिला, कोणाचा आहे तो."

मृदुलाचे कान जन्माचे होते. शांततेत उरणारा तो सा तिला कधीच ऐकू आला नव्हता.