अंधारात भरलेली ओटी

दारावरून उतरवलेला कोहळा. त्याला काजळाचे डोळे.

मोराच्या नक्षीची चादर, भिंतीला टेकून बसलेली.

जमिनीवर सांडलेले तांदूळ.

पाळण्याची दोरी... ताणलेली.

एका बाळाच्या कपाळावर कुंकू.

हे सगळं एकाच घरातलं, एकाच रात्रीचं. सोलापूर, गिरणीची चाळ, सत्त्याहत्तर सालची सर्वपित्री अमावस्या. तुम्ही हसाल, हसा. पण शरणम्मामावशीनं हे गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर ठेवून सांगितलं आहे. लिंग हातात असताना खोटं बोलणारी बाई ती नव्हे.

त्या दिवशी तिची सासू मल्लव्वा होटगीला लेकीकडे गेली होती. नवरा दुसऱ्या पाळीला. घरात शरणम्मा आणि पाळण्यातला सिद्धाराम, बस्स.

संध्याकाळी शेजारची मथुराबाई आली. मूळची करमाळ्याची. चाळीत कुठलीही खोडी निघाली की ती हिच्याच डोक्यातून निघालेली असायची.

"शरणे, नवऱ्यासाठी उपास झाले, लेकरांसाठी नवस झाले. आज आपल्यासाठी भुतांची रात करू की! पोरं सासवांच्या गळ्यात घालायची, तोंडाला पीठ फासायचं, चादरी पांघरायच्या अन् एकमेकीला भ्या दावायचं."

"आज अमावस्या हाय गं मथुराक्का."

"मग भुतं काय एकादशीला बोलवतीस?"

शरणम्माला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आलं. ती हो म्हणाली, पण सिद्धाराम मात्र घरातच राहील म्हणाली.

त्याला सोडून ती नळावर पाण्यालासुद्धा जात नसे. कारण सगळ्या चाळीला ठाऊक होतं. सिद्धाराम तिच्या पोटचा नव्हता.

तिचं स्वतःचं मूल जन्मताच गेलं. त्याच आठवड्यात तिची जिवाभावाची मैत्रीण चन्नम्मा बाळंतपणात गेली. चन्नम्माचा नवरा गुरप्पा टॉवेलात गुंडाळलेलं बाळ घेऊन दारात आला आणि त्यानं ते शरणम्माच्या ओटीत घातलं.

तिला पान्हा फुटला. बाळ जगलं.

तेव्हापासून तिला एकच धास्ती. एक दिवस कुणीतरी येईल आणि पदर पसरून म्हणेल, आमचं लेकरू परत दे.

मथुराबाईनं सोंगाची तयारी सुरू केली. दृष्ट लागू नये म्हणून दारावर कोहळा टांगलेला होता. तिनं तो खाली काढला, त्याला काजळाचे डोळे काढले, दात काढले आणि खोलीच्या मधोमध मांडला.

"हे आपलं मुख्य भूत!"

"अगं, दार मोकळं पडलं की!" शरणम्मा म्हणाली.

"सकाळी परत टांगू. एका रातीत कोण येतंय?"

चाळीतलीच रंभाबाई आली. मागच्या गल्लीतली गौरम्मा सासऱ्याला जेवायला वाढून येणार होती. तिच्यासाठी दाराची कडी काढून ठेवली, भिंतीपाशी मोराची चादर घडी करून ठेवली. मग धपाटे झाले, शेंगाचटणी झाली. पिठानं पांढरी झालेली तोंडं एकमेकींना दाखवून पोट दुखेपर्यंत हसणं झालं. पाळणा आतल्या खोलीत होता. त्याची दोरी उंबऱ्यावरून बाहेर आणलेली. जिचा हात मोकळा, तिनं ओढायची.

कर्र... कर्र...

मग मथुराबाईनं दिवा घालवला.

"आता शेवटचा खेळ. हळदीकुंकू न घेता सवाष्ण घरातून जात न्हाय. भुताची बी ओटी भरायची, पण अंधारात. चादरीत बसायचं, बोलायचं न्हाय. शरणी हातानं चाचपून ओळखणार."

शरणम्मा ताट आणायला चुलीपाशी गेली. तेवढ्यात दार वाजलं.

हळूच उघडलं... हळूच लागलं.

"गौरे, उशीर केलीस की!" मथुराबाई ओरडली.

दारापाशी कुणीतरी थांबलं.

"घे तिथली चादर. बस उंबऱ्यापाशी. अन् दोरी वढ जरा, माझा हात दुखला."

चादर उलगडल्याचा आवाज आला. मग दोरीचा.

कर्र... कर्र...

"बघ, गौरी कशी नेमानं खेळती. बोलत बी न्हाय," रंभाबाई कुजबुजली.

शरणम्मा ताट घेऊन अंधारात पहिलीपाशी बसली. मनगट चाचपलं, तर कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या.

"मथुराक्का. हे तर आंधळं बी ओळखंल."

"गप, भुताला नाव घेऊन हाक मारती होय?"

कुंकू लावलं, पदरात तांदूळ घातले. दुसरीच्या तोंडाला लसणाचा वास.

"रंभाक्का, चटणी संपवलीस वाटतं."

खसखस पिकली.

मग ती उंबऱ्याकडे सरकली.

तिथं थंडी होती. फरशीची नव्हे... नुकत्या उकरलेल्या मातीतून येते तशी.

शरणम्मानं हात पुढे केला. मनगट लागलं. त्यात एकही बांगडी नव्हती.

गौरम्मा तर परवाच चुडा भरून आली होती.

कपाळ शोधून तिनं कुंकू लावलं. बोट गार पडलं. समोरची बाई मांडी घालून, पाठ ताठ ठेवून बसली होती... जराही न हलता. अशी बसलेली एकच बाई तिनं पाहिली होती. लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून माती देतात. नेण्याआधी चन्नम्माला भिंतीपाशी अशीच बसवली होती.

तिच्या मुठीत तांदूळ होते. समोर पदर पसरलेला होता. तिनं मूठ उघडली.

तांदूळ पडल्याचा आवाज आला नाही.

मग तेच तांदूळ... दाणा दाणा... शरणम्माच्या मांडीवर परत येऊन पडले.

पदर अजून पसरलेलाच होता.

दोरी थांबली.

शरणम्माला कळलं. कुणी सांगावं लागलं नाही.

"चन्ना..." तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. "साडी माग. माझं डोरलं माग. येवढं सोडून काय बी माग."

पदर तसाच.

"मी दूध पाजलंय त्याला. दात येताना रातरात खांद्यावर घेतलंय. तो माझा हाय, चन्ना. देनार न्हाय मी."

"कुनाशी बोलतीस गं शरणे?" मागून मथुराबाई म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात हसू नव्हतं.

समोरून एक श्वास सुटला. रडणं आवरताना सुटतो तसा.

आणि धाडकन दार उघडलं.

दारात कंदील घेतलेली गौरम्मा उभी. हातभर चुडा, तोंडाला पीठ.

"अगं, सासरा आत्ता कुठं जेवून उठला. माझ्याबिगर खेळ सुरू केला व्हय?"

कंदिलाचा उजेड उंबऱ्यापर्यंत आला.

मोराची चादर भिंतीला टेकून बसलेली होती.

मग ती खाली बसत गेली... हळूहळू... आत कुणी नसल्यासारखी.

पाळण्याची दोरी मात्र आतल्या बाजूनं ताणलेली होती.

रंभाबाई किंचाळली. शरणम्मा चादर तुडवत आत धावली.

सिद्धाराम जागा होता. रडत नव्हता. पाळण्याच्या एका बाजूला, वर बघत होता. हात वर केलेले... उचलून घ्या म्हणताना करतो तसे.

त्याच्या कपाळावर ओलं कुंकू होतं. बोटानं लावलेलं नव्हे. कुणीतरी कपाळाला कपाळ टेकवल्यावर उमटतं तसं, पसरलेलं.

शरणम्मानं त्याला उचललं ते सकाळच्या भोंग्यापर्यंत खाली ठेवलं नाही. मथुराबाईनं मुकाट्यानं कोहळा परत टांगला. त्याचे काजळाचे डोळे पुसायला कुणी तयार होईना.

सिद्धाराम आज आजोबा झाला आहे. त्याला काही झालं नाही. कधीच नाही. मावशी मात्र दर सर्वपित्रीला दिवेलागणीआधी उंबऱ्यापाशी मोराची चादर अंथरायची, तांदूळ ठेवायची आणि त्याला शेजारी बसवून घ्यायची. तो मोठा बाप्या झाल्यावरसुद्धा.

"ती न्यायलाच आली होती कशावरून?" मी एकदा विचारलं.



"त्येच तर," ती म्हणाली. "त्येच मला झोपू देत न्हाय."

चन्नम्मानं डोळे मिटले तेव्हा बाळ दवाखान्याच्या दुसऱ्या खोलीत होतं. तिनं त्याला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं.