खोक्यापलीकडचा आवाज

त्र्याऐंशी सालच्या दुष्काळात लोहाऱ्याजवळच्या माळावर एका सहकारी साखर कारखान्याची उभारणी चालली होती. यंत्रांची लाकडी खोकी हलवायला नागप्पा तिथं फोर्कलिफ्ट चालवायचा. माळ खडबडीत, उताराचा. म्हणून मजूर महानंदा गाडीपुढं चालत खड्डे-दगड दाखवायची. ओझं जमिनीलगत ठेवायचं आणि समोरचं दिसेनासं झालं तर गाडी उलटी चालवत न्यायची, हे नागप्पाला पाठ होतं. पण मागं बघून मानेला रग लागते, म्हणून एक दिवस त्यानं उतारावरच खोकं उंच उचललं आणि सरळ पुढं निघाला.

"काका, खाली घ्या की..." महानंदा म्हणाली.

त्यानं ऐकलं नाही. गाडी कलली, खोकं तिच्या अंगावर गेलं आणि ती जागीच गेली. सवाष्ण म्हणून ओली हळद लावून तिला नेलं.

चौकशीत त्यानं सांगितलं, "तीच मधी आली." तिचा नवरा शांतलिंग तिथंच कामाला होता. तो खाली मान घालून कामाला लागला. नागप्पा त्याची नजर टाळू लागला.

दोन महिन्यांनी भर दुपारी बाराला नागप्पा असंच मोठं खोकं घेऊन निघाला. माणसं जेवायला गेलेली. वारा पडलेला. तापल्या डिझेलच्या वासात मधूनच ओल्या हळदीचा वास येत होता. खोक्यामुळं समोरचं काहीच दिसत नव्हतं.

पलीकडून हलकेच आवाज आला, "येऊ द्या... येऊ द्या..."

कुणी वाट दाखवायला आलं असेल, असं समजून तो आवाजामागं जात राहिला.

"थांबा, काका..."

त्याचा पाय आपसूक ब्रेकवर पडला. उतरून पाहिलं, तर चाकापुढं वीतभरावर सकाळीच खणलेला पुरुषभर खोल चर. माळावर चिटपाखरू नव्हतं.

गाडी तशीच टाकून तो बाभळीखाली भाकरी खात बसलेल्या शांतलिंगाकडं गेला. समोर बसला.

"शांतलिंग... ती मधी आली न्हवती. खाली घ्या म्हणत हुती. म्याच आयकलं न्हाय. साहेबाला खोटं सांगितलं... आता जाऊन खरं सांगतो."

शांतलिंगानं हातातला तुकडा खाली ठेवला.

"म्हाईत हाय मला, काका."

"कुणी... कुणी सांगितलं?"

शांतलिंगानं नागप्पाच्या खांद्यामागं पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला,

"जरा सरकून बसा. ती उन्हात हुबी हाय."