डॅगेटचं नाव भिंतीवर

शनिवारी कर्ट डॅगेटचं नाव व्हीटलँड क्लबच्या मानाच्या भिंतीवर लागायचं होतं. बुधवारी सकाळी क्लबात निनावी पत्र आलं आणि अध्यक्षांनी, नेहमीप्रमाणे हातभर फाटल्यामुळे, समारंभ थांबवला.

कर्ट ते पत्र घेऊन खाजगी गुप्तहेर ओल्गा स्ट्राटिचुककडे आला. चौदा वर्षं क्लबच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा. आता दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ओल्गाचा सहकारी ड्वेन, निवृत्त हवालदार, मोठ्याने वाचू लागला.

‘‘ ‘ओहायोत मी याच्याच कॉलेजच्या संघात होतो. अंतिम सामना याने विकला. शेवटचं मिनिट. पहिला प्रयत्न फुकट, दुसरा फुकट, तिसऱ्याला याने चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटला. प्रयत्न संपले, चेंडू समोरच्यांकडे गेला, आम्ही हरलो.’ ’’

‘‘मी सामना विकला नाही, बाई,’’ कर्ट म्हणाला. ‘‘ब्याण्णव वर्षांची आई ओहायोहून निघालीय. तिला काय सांगू?’’

ओल्गाने पाकीट पाहिलं. शिक्का गावातलाच, सोमवारचा. हे पाहण्याचे कष्ट अध्यक्षांनी घेतले नव्हते.

‘‘सोमवारी तुमच्या निवडीचं कुणाला ठाऊक होतं?’’

‘‘निवड समितीच्या तिघांना. मलाही मंगळवारी कळलं.’’

तिघे क्लबातच सापडले. फुकटचं खाणं असलं की ते तिथेच सापडत.

‘‘डॅगेट हेकट होता,’’ टेक्ससचे जुने प्रशिक्षक टेट गुरगुरले. ‘‘आणि तुमचा हा खेळ! दहा यार्ड पुढे जायला तीनच प्रयत्न, मग चेंडू समोरच्यांना. आमच्याकडे अमेरिकेत चार असतात. वीस वर्षं झाली, अजून मी चौथ्यासाठी हात उचलतो आणि लोक हसतात.’’

अलाबामाहून आलेला कॅल ब्रँट कर्टचे चेंडू झेलायचा. त्याने वाकडी बोटं दाखवली. ‘‘ही त्याची कृपा. त्याच्या नावाला मत दिलं, पण त्याच्याशी बोलत नाही.’’

तिसरा नील फ्रीसन, इथलाच. कर्टचा राखीव म्हणून बारा वर्षं बाकावर बसलेला. ‘‘कर्ट म्हणजे देवमाणूस,’’ तो डोळे पुसत म्हणाला. ‘‘शनिवारी त्याची ओळख मीच करून देणार होतो, भाषणही लिहून ठेवलं होतं. मी कधी सीमेपलीकडे, अमेरिकेत खेळलो नाही. आपलं गाव बरं.’’

‘‘बिचारा,’’ ड्वेन बाहेर आल्यावर म्हणाला. ‘‘माझा संशय ब्रँटवर. बोटांचा राग.’’

‘‘असल्या संशयांमुळेच तू शेवटपर्यंत हवालदारच राहिलास,’’ ओल्गा म्हणाली.

गुरुवारी दुपारी तिने तिघांना, कर्टला आणि अध्यक्षांना समितीच्या खोलीत बसवलं.

‘‘सामना ओहायोतला, अमेरिकेतला. तिथे तिसरा प्रयत्न फसला तर चौथा उरतो. चेंडू समोरच्यांकडे जातोच कसा? टेट चौथा प्रयत्न विसरणं शक्य नाही. ब्रँटही अलाबामात चारच प्रयत्नांवर वाढला. तिसऱ्याला खेळ संपतो तो फक्त इथल्या माणसाचा, फ्रीसन.’’

‘‘टीव्हीवर अमेरिकन सामने इथलं शेंबडं पोरही बघतं,’’ फ्रीसन म्हणाला. ‘‘चार प्रयत्न मला ठाऊक नाहीत?’’

‘‘ठाऊक आहेत. पण बारा वर्षं बाकावर बसून तुम्ही तीनच मोजलेत. खोटं रचताना माणूस हाताला वळण असतं तसंच लिहितो.’’



‘‘एक हंगाम,’’ फ्रीसन म्हणाला. ‘‘याचा गुडघा एक हंगाम तरी आधी जायला हवा होता. मी खेळलो असतो.’’

अध्यक्षांनी घाम पुसला. ‘‘झालं ते झालं. घरातलं घरात ठेवू. शनिवारी फ्रीसन आजारी आहे म्हणू.’’

‘‘आजारी नको,’’ कर्ट त्या खोलीत पहिल्यांदाच बोलला. ‘‘माझी ओळख हाच करून देईल. पत्र यायच्या आधी लिहिलेलं भाषण, एक शब्द न गाळता. माझी आई पहिल्या रांगेत बसेल.’’

फ्रीसनने नको म्हणून मान हलवली. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.