सात वाजताची कबुली

ज्याला ही गोष्ट खोटी वाटेल त्यानं पोशीरला यावं. संध्याकाळी सातला विलासच्या घरी बसावं आणि रिमोटला हात लावून दाखवावा.

चहा मिळेल. पुढची हमी नाही.

विलास थापा मारणाऱ्यातला नव्हे. तेवढी कल्पनाशक्ती असती, तर रसायनीच्या कारखान्यात तो वर्षानुवर्षं एकाच यंत्रासमोर उभा राहिला नसता.

सुरुवात झाली गेल्या चैत्रात, नदीकाठी. त्याच्या आईच्या, चिंधीबाईच्या दहाव्याला.

पिंड ठेवला. शेजारी भाकरी, वालाचं बिरडं, पानसुपारी. तिचा अडकित्ता नदीत सोडला. आंब्यावर कावळे बसलेले... एकही खाली उतरेना.

"आये, सुरेखाशी भांडनार नाय."

कावळा नाही.

"आये, शेत इकनार नाय."

कावळ्यानं मान फिरवली.

ऊन तापलं. पाहुणे चुळबुळ करू लागले. भटजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करू आणि मोकळे होऊ."

रीत आहे तशी. पण चारचौघांत आईला गवताचा कावळा? विलास वैतागला. हात जोडून ओरडला, "आये, तुजी सातची मालिका संपंपर्यंत रोज लावीन! कोन चॅनल बदलनार नाय! आता तरी शिव गं!"

शब्द संपायच्या आत... कावळा पिंडावर.

पाहुणे हसले. विलासही हसला. मालिका काय, आज ना उद्या संपेल, असा त्याचा अंदाज. त्यानं मालिका कधी पाहिली नव्हती, हे उघड आहे.

पावसाळा आला, गेला. मालिकेतली सून एकदा मेली, परत आली. विलास रोज सातला दात खात बसायचा.

तेवढ्यात त्याच्या बहिणीच्या मुलाची, जितेशची, मोठ्या कबड्डी स्पर्धेत निवड झाली. विलासनंच त्याला शेतात दम धरायला शिकवलेलं. पहिला सामना टीव्हीवर.

संध्याकाळी सातला.

"अवो, कबूल केलंय तुमी," त्याची बायको सुरेखा म्हणाली.

"एक दिवस नाय लावली, तर आये काय उठून येनार हाय?"

"असं बोलू नका."

विलासनं चॅनल बदललं. जितेश चढाईला निघाला. विलास पाटावरून उठून उभाच राहिला...

आणि आवाज गेला.

टीव्हीचाच नाही. पंखा फिरत होता, पण घरघर नव्हती. गोठ्यात म्हशीच्या गळ्यातली घंटा हलत होती. नाद नव्हता.

मग... कुट्ट.

अडकित्त्याचा आवाज. कोपऱ्यातल्या आईच्या रिकाम्या खुर्चीतून.

पडद्यावर सून रडत होती.

विलासनं बटण दाबलं. जितेश. कुट्ट. सून.

परत दाबलं. कुट्ट. सून.

त्यानं रिमोटमधले सेल काढून खिशात टाकले आणि टीव्हीचंच बटण दाबलं. जितेश दिसला.

कुट्ट.

सून. खोलीभर ओल्या काताचा वास.

जितेशनं त्या चढाईत तीन गडी मारले, हे विलासला बहिणीनं फोनवर सांगितलं. "बघितलंस ना रं, दादा?"

"बघितलं," विलास म्हणाला. त्याला रडू येत होतं.

त्यानंतर त्यानं सातला रिमोटला हात लावला नाही. जितेश खेळत राहिला, जिंकत राहिला. मामा सुनेकडे बघत राहिला.

आणि एका सोमवारी... मालिका संपली!

विलासनं कर्जतहून पेढे आणले. एक खुर्चीवर ठेवला. दुसऱ्याच दिवशी जितेशचा अंतिम सामना होता.

मंगळवारी पावणेसातपासून दोघं तयार. सामना सुरू झाला. जितेश रेषेपाशी आला. पंखा गप्प झाला.

कुट्ट.

पडद्यावर तेच चॅनल. कसला तरी पाककृतींचा कार्यक्रम.

"आये, संपली गं ती!" विलास खुर्चीसमोर हात जोडून ओरडला. "सून नांदायला लागली! आता काय बघतीस?"

कुट्ट.

सामना बघायचा राहिला. बाई वांग्यांना मसाला भरत होती.

शुक्रवारी जाहिरात लागली. प्रेक्षकांच्या आग्रहाखातर मालिका परत येणार. सुनेची जुळी बहीण सापडली होती.

सुरेखानं विलासकडे बघितलं. हे जगाला शुक्रवारी कळलं. मग खुर्चीला मंगळवारी कसं...?

पेढा कुणी खाल्ला, तेही कळलेलं नाही. घरात उंदीर आहेत, पण ते पेढ्याखालचा कागद घडी करून ठेवत नाहीत.

परवा मालिका चालू असताना विलास हळूच म्हणाला, "सुरेखा, माझ्या दहाव्याला कोनी काय कबूल करू नका. सरळ दर्भाचा कावळा करा."

"गप बसा वो. ऐकू दे जरा."

आणि कोपऱ्यातून, सुरेखाचीच बाजू घेत...

कुट्ट.